डांबरी कौलं आणि सरपंचांची सही

बायडाबाईंचा नवरा माणूस म्हणून वाईट नव्हता. पण चारचौघांत एकदा शब्द तोंडातून गेला की तो परत घ्यायची सोय देवाने त्यांच्यात ठेवलीच नव्हती. हिंदुराव पंधरा वर्षं गावचे सरपंच होते. पुढे बिबवेवाडीच्या पलीकडचं ते गाव पुणे महापालिकेत गेलं, ग्रामपंचायतीला कुलूप लागलं, खुर्ची गेली, शिक्का गेला, आणि राहिला तो फक्त आवाज. त्याच आवाजात त्यांनी दसरा होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच चहाच्या टपरीवर जाहीर केलं, की दिवाळीच्या आत आपण स्वतः छपरावर चढणार आणि छप्पर धुऊन लखलखीत करणार.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ही अवदसा आठवली ती रंगरावांमुळे. रंगराव म्हणजे समोरच्या घरातले माजी उपसरपंच. पंधरा वर्षं ते हिंदुरावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि पंधरा वर्षं त्यांनी त्या मोठ्या खुर्चीकडे बघत पान चघळलं. रंगरावांच्या घराला साधा स्लॅब होता. हिंदुरावांच्या बंगल्याला मात्र उतरतं छप्पर. थोरल्या मुलाने परदेशातून घरांचे फोटो पाठवले होते, ते बघून हिंदुरावांनी हट्टाने तसलंच छप्पर करून घेतलं आणि त्यावर शिंगल बसवले. शिंगल म्हणजे डांबराचे चपटे तुकडे, वर बारीक रंगीत खडी चिकटवलेली, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक ठोकलेले. गावात त्यांना सगळे ‘डांबरी कौलं’ म्हणत. पहिली दोन वर्षं लोक मुद्दाम बघायला यायचे. मग आणखी चार पावसाळे त्यावरून गेले आणि तांबूस छपरावर वरपासून खालपर्यंत काळे ओघळ उतरले.

“सरपंच,” रंगरावांनी बशीत चहा ओतत विचारलं, “आग विझली का वो तुमच्या घराची? न्हाय, लांबून जळाल्यागत दिसतंय, म्हणून इचारलं.”

अख्खी टपरी हसली. हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला, आणि तो शब्द गेला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी वर पुस्ती जोडली, “आन माझ्या छपराला दुसऱ्याचा पाय लागू द्यायचा न्हाय मी.”

ही बातमी घरी पोचली तेव्हा बायडाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना आधी दीर आठवला. हिंदुरावांचा धाकटा भाऊ भीमराव गेल्या वर्षी गोठ्याच्या पत्र्यावर एक खिळा ठोकायला चढला होता. एकच खिळा. खुब्याचं हाड मोडून तो अजून खाटेला खिळून होता, आणि बायडाबाई रोज सकाळी त्याच्याकडे भाकरी पोचवत होत्या. भीमराव हिंदुरावांहून बारा वर्षांनी लहान. हिंदुरावांचा उजवा गुडघा तर जिना उतरतानाच कुरकुरायचा. आता नवरा पडेल, मरेल, आपण विधवा होऊ, एवढीच भीती बायडाबाईंना होती म्हणावं तर ते अर्धंच झालं. बेचाळीस वर्षांत त्यांना त्या माणसाची सवय झाली होती, आणि तो नसेल तर भांडायचं कुणाशी, हे त्यांना खरोखर सुचत नव्हतं.

सरळ ‘चढू नका’ म्हणण्यात अर्थ नव्हता. ‘नका’ हा शब्द ऐकला की हिंदुरावांना तेच काम दुप्पट करायची हुक्की येते, हे त्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या. म्हणून त्यांनी आडवाट धरली. आधी घरातली शिडी नाहीशी झाली. बायडाबाईंनी ती देवळाच्या रंगकामाला देऊन टाकली आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतलं. हिंदुरावांनी दुसऱ्याच दिवशी ॲल्युमिनियमची नवी, घडीची शिडी आणली.

मग सोमवार आला.

“सोमवारी घरावर चढू नये म्हणत्यात,” बायडाबाई म्हणाल्या.

“कोण म्हणतं?”

“माझी आई म्हणायची.”

“तुझ्या आईच्या घरावर चढलं असतं तर घर खाली आलं असतं. म्हणून म्हणत असंल.”

सासूचा उद्धार झाला, पण सोमवार टळला. पुढे एक एकादशी आडवी आली, जी खरं तर दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी होऊन गेली होती. हिंदुरावांनी कॅलेंडर उतरवून खात्री करेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. त्यानंतर त्यांचे रबरी तळाचे बूट सापडेनात. ते भीमरावाच्या खाटेखाली होते, आणि तिथे ते कसे गेले हे भीमरावालाही सांगता येईना.

शेवटी वैतागून हिंदुरावांनी गाडी धुवायचा प्रेशर पंप काढला. चढायचं ते उद्या, निदान आज वरच्या गॅलरीतून हात लागेल तेवढं तरी उरकू, असं म्हणत त्यांनी पाण्याची धार छपराच्या कडेवर सोडली. काळा ओघळ क्षणात गेला. हातभर छप्पर नव्यासारखं तांबूस दिसायला लागलं. हिंदुराव हर्षाने ओरडले आणि समोरच्या घराच्या दिशेने उगाच खाकरले. खाली पन्हळीच्या तोंडाशी बारीक खडी सडासडा पडायला लागली. बायडाबाईंनी काटकसरीने ती घमेल्यात धरली. काळवंडलेला तवा घासायला बरी, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात मागच्या खोलीतली भाडेकरू पूर्णिमा कामावरून आली. वर्ध्याकडची मुलगी, हडपसरच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होती. माणसं पडू नयेत, भाजू नयेत, चिरडू नयेत, हे बघण्याचा तिला पगार मिळायचा. तिने स्कूटर उभीही केली नाही, तशीच आडवी टाकली.

“काका! काय करून राहिले! बंद करा आधी ते!”

हिंदुरावांनी पंप बंद केला. आपल्याच अंगणात आपल्यावर कुणी ओरडलं, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

पूर्णिमाने घमेल्यातली खडी मुठीत घेऊन दाखवली. “हे छपराचं कातडं आहे काका. ही खडी उन्हापासून डांबर वाचवते. जोराची धार मारली की ती निघून जाते आणि दोन-चार वर्षांत छप्पर गळायला लागते. तारेच्या ब्रशनेही तेच होते.”

“मंग काळं जायाचं कसं?”

“ती घाण नाहीच. ते शेवाळ आहे, जिवंत. शिंगलमधली चुन्याची भुकटी खाऊन वाढते. त्याला मारायचं, खरवडायचं नाही. ब्लीचचं पाणी, ब्लीच अर्धं आणि पाणी अर्धं. ढगाळ सकाळी हलक्या हाताने फवारायचं, पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, आणि मग बागेच्या साध्या पाइपने वरून खाली धुवायचं. बस.”

“रंगराव म्हणत हुता, संडासाचं ॲसिड टाका,” बायडाबाई म्हणाल्या.

“बाप्पा! ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर विषारी वायू होतो काकू. छप्पर राहील, आपण राहणार नाही.”

बायडाबाईंना पोरीचं फार कौतुक वाटलं. ते दोन मिनिटं टिकलं. कारण हिंदुरावांचे डोळे चमकले होते.

“म्हंजे फवारणीच की!” ते म्हणाले. “चाळीस वर्षं कांद्यावर फवारलंय मी. पाठीवरचा पंप हाय अजून माळ्यावर. रविवारी सकाळी चढतो.”

आतापर्यंत नुसता हट्ट होता, आता त्याला ज्ञानाची जोड मिळाली. बायडाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी त्या ताटलीत गरम भाकरी आणि ठेचा घेऊन पूर्णिमाच्या खोलीत गेल्या. “पोरी, तुज्या कारखान्यात एखादा म्हातारा गडी वर चढायचाच म्हणून बसला, तर काय करता गं तुमी?”

“परवान्याशिवाय कुणीच चढत नाही ना काकू. उंचीवरच्या कामाचा परवाना असतो, कागदी. दोरी तपासली, बूट तपासले, पट्टा तपासला, मग अधिकारी सही करतो. सही झाली की काम सुरू.”

“आन तो अधिकारी चढतो?”

“तो कसा चढेल? तो खाली उभा राहतो. काम संपेपर्यंत जागा सोडायची नाही, असा नियमच आहे.”

बायडाबाईंनी ताटली खाली ठेवली. त्यांच्या डोक्यात एकच शब्द फिरायला लागला होता, सही. ग्रामपंचायत गेल्यापासून हिंदुरावांकडे सही मागायला येणारा एकच इसम उरला होता, तो म्हणजे कुरियरवाला. त्याच्या पावतीवरही हिंदुराव संपूर्ण नाव लिहीत, खाली ‘माजी सरपंच’ लिहीत, आणि त्याखाली रेघ मारून दोन टिंबं देत. कुरियरवाला तेवढा वेळ मोटारसायकल बंद करून ठेवायचा.

“पोरी,” बायडाबाई हळूच म्हणाल्या, “तो कागद मराठीत लिवता येतो का?”

शनिवारी सकाळी पूर्णिमा रीतसर दिवाणखान्यात आली. कारखान्यात घालते तसं केशरी जाकीट, हातात फाइल, आणि काखेत पांढरंशुभ्र हेल्मेट. तिच्यामागे कोंडीराम होता. तो दोरीला लटकून उंच इमारती रंगवायचा आणि तिचा विश्वासातला माणूस होता. बायडाबाई दाराआड पदराने तोंड पुसत उभ्या राहिल्या.

“सरपंचसाहेब,” पूर्णिमा म्हणाली, आणि तिथेच निम्मं काम झालं. “उद्याच्या कामाला तुमची परवानगी पाहिजे. तुमच्या सहीशिवाय कोंडीराम शिडीला हात लावणार नाही.”

“दुसऱ्याचा पाय माझ्या छपराला...” हिंदुराव सुरू झाले.

“पाय तुमच्या हुकमाने लागेल. तुम्ही ‘उतर’ म्हटलं की उतरेल.”

कोंडीरामाने मान डोलावली. हिंदुरावांनी हेल्मेटकडे पाहिलं. कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. दोन पानं होती, वर ठळक अक्षरात ‘उंचीवरील कामाचा परवाना’ आणि खाली दहा कलमं.

“शिक्का?”

“शिक्का नाही. सहीच चालते.”

हिंदुरावांनी खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही पानांवर भरपूर वेळ घेऊन सही केली. नाव, माजी सरपंच, रेघ, दोन टिंबं. शाई वाळली मात्र, आणि पूर्णिमाने निरागस चेहऱ्याने कलम सातवर बोट ठेवलं. परवाना देणारा अधिकारी काम संपेपर्यंत जमिनीवर हजर राहील आणि कोणत्याही कारणाने वर चढणार नाही.

“म्हंजे मी चढायचं न्हाय?”

“नियम आहे काका.”

हिंदुरावांनी एकदा कागदाकडे, एकदा छताकडे बघितलं. मग एक दीर्घ उसासा टाकून म्हणाले, “आता सही केलीया. नियम म्हंजे नियम.”

बायडाबाई लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून पोटभर हसल्या. एवढा मुरलेला माणूस, आणि शेवटी अडकला तो स्वतःच्याच सहीत! दहा-बारा दिवसांनी त्यांना त्या रात्री पहिल्यांदा गाढ झोप लागली.

रविवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. अंगणात खुर्ची टाकून, डोक्यावर पांढरं हेल्मेट चढवून हिंदुराव बसले, आणि पाहता पाहता गेलेली ग्रामपंचायत त्यांच्यात परत आली. कोंडीरामाला त्यांनी दोनदा खाली उतरवलं. एकदा बुटाचा तळ बघायला, एकदा दोरीची गाठ बघायला. छपराच्या माथ्यावरच्या कण्याला दोरी पक्की बांधली आहे की नाही, हे खालूनच तीनदा विचारलं. ब्लीचमध्ये पाणी मिसळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा नसेल तर पिंपाजवळ कुणी फिरकायचं नाही, असा हुकूम काढला. पूर्णिमाला बोलायला जागाच उरली नाही.

नऊच्या सुमारास रंगराव आलेच. “काय सरपंच, चढणार हुता न्हवं?”

“रंगराव,” हिंदुराव खुर्चीवरून न उठता म्हणाले, “तुमच्या डोक्यावर टोपी न्हाय. ती दोरी बांधलीया, तिच्या आत यायचं न्हाय. मागं व्हा.”

“आरं पण मी नुसतं...”

“मागं व्हा म्हणतो ना! कायबाय अंगावर पडलं तर जबाबदारी माझी हाय. माझी सही हाय तिथं.”

रंगराव मागे झाले. उपसरपंच असताना कधी झाले नव्हते, ते आता झाले. कुंपणाबाहेरच्या बघ्यांतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बायडाबाईंचा जीव सुखावला.

पण त्यांनी विणलेल्या जाळ्यात एक मासोळी अडकायची राहिली होती, ती म्हणजे त्या स्वतः. छपराच्या कडेखाली त्यांची शेवंती होती, दिवाळीच्या तोंडावर कळ्यांनी लगडलेली. पूर्णिमाने सकाळीच ती पाण्याने भिजवून वर प्लॅस्टिक पसरलं होतं. कोंडीराम वर फवारत असताना वाऱ्याने प्लॅस्टिकचं एक टोक उडालं, आणि कडेवरून ब्लीचचे थेंब ठिबकायला लागले. बायडाबाई काही विचार न करता दोरीखालून वाकून आत धावल्या.

“थांब!”

हा आवाज त्यांनी बेचाळीस वर्षांत शेकडो वेळा ऐकला होता आणि शेकडो वेळा कानाआड केला होता. या वेळी मात्र त्या जागच्या जागी थांबल्या.

“अवं, माझी शेवंती...”

“शेवंती मेली तर दुसरी लावू. डोळ्यात थेंब गेला तर डोळा कुठनं आणायचा? मागं हो! कोंडीराम, पंप बंद!”

काम थांबलं. सगळं गाव बघत असताना बायडाबाई मुकाट्याने मागे आल्या, थेट रंगरावांच्या शेजारी. पूर्णिमाने चष्मा आणि टोपी घालून, पाइपने शेवंतीवर भरपूर पाणी मारलं, प्लॅस्टिकवर विटा ठेवल्या, आणि मग साहेबांच्या परवानगीने काम पुढे सुरू झालं. त्यानंतर दिवसभर बायडाबाईंना चहा द्यायलासुद्धा दोरीबाहेरून हाक मारावी लागली. “आत यिऊ का साहेब?” असं त्या दात-ओठ खात विचारायच्या, आणि हिंदुराव घड्याळात बघून “ये” म्हणायचे.

एकेक बाजू फवारून, पंधरा-वीस मिनिटं मुरू देऊन, पाइपच्या मवाळ पाण्याने धुऊन घेता घेता दुपार उलटली. ओघळ विरघळून तपकिरी पाणी पन्हळीतून गटाराकडे गेलं. छप्पर लखलखीत नाही झालं, पण तांबूस झालं. राहिलेले फिकट डाग पुढच्या पावसात जातील, असं पूर्णिमा म्हणाली. जाता जाता कोंडीरामाने कण्याखाली तांब्याची पट्टी बसवली. तांब्यावरून पाणी ओघळलं की शेवाळ सहसा धरत नाही म्हणे. पाच वाजता तो खाली उतरला, दोरी गुंडाळली गेली, माणसं पांगली, पूर्णिमा हातपाय धुवायला गेली. कुणाला खरचटलंही नव्हतं.

कागदावर शेवटचा एक रकाना उरला होता. काम सुरक्षित पूर्ण झाले, परवाना बंद. हिंदुराव पेन हातात घेऊन खुर्चीत बसले होते आणि मान वर करून छपराच्या टोकाकडे बघत होते.

“त्या टोकाला आकाशकंदील काय दिसंल!” ते म्हणाले.

बायडाबाई चहाची कपबशी घेऊन शेजारीच उभ्या होत्या. परवाना बंद म्हणजे कलम सातही बंद. नवी शिडी घरात होती, दिवाळी चार दिवसांवर होती. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि नवऱ्याचं मनगट धरलं.

“नका करू सही.”

“का? काम झालंय.”

“नका करू म्हणते ना!” आणि मग त्यांना राहवेना. सगळं भडाभडा बाहेर आलं. शिडी, एकादशी, बूट, पूर्णिमाच्या खोलीतली भाकरी, ते कलम सात. “तुमास्नी फसवून सही घेतली मी. पुन्यांदा फसवायला मला काय सुचायचं न्हाय आता. भीमरावभावजींसारखं तुमास्नी खाटंवर बघायचं न्हाय मला. भ्या वाटतं वो.” बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला, आणि त्याचाच त्यांना राग आला.

हिंदुरावांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

“पंधरा वर्षं सरपंच हुतो,” ते म्हणाले. “एका कागदावर न वाचता सही केली न्हाय. केली असती तर आज तुरुंगात असतो. ह्याच्यावर करीन व्हय?”

“म्हंजे... कलम सात?”

“पयलं तेच वाचलं.”

“आन तरी सही केली?”

“वाचलं म्हणूनच केली.” त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “टपरीवर बोललो, आन घरी येस्तोवर ह्यानं सांगितलं, जमायचं न्हाय. पण बोललेलं गिळायचं कसं? रोज सकाळी उठून वाट बघायचो, आज बायडा काय काढती. सोमवार काढलास तवा देवाला हात जोडलं मी.”

इतके दिवस बायडाबाईंना घास गोड लागला नव्हता. खोटी एकादशी सांगून पाप लावून घेतलं होतं. आणि हा माणूस मजेत वाट बघत होता! त्यांना हसू फुटत होतं, रडू येत होतं, आणि हातात लाटणं नाही याचं मनापासून वाईट वाटत होतं.

त्यांनी नवऱ्याच्या हातातून पेन ओढून घेतलं. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या त्या, अक्षर मोठं पण सुवाच्य. कागदावर ‘परवान्याची मुदत’ असं लिहिलं होतं आणि पुढे पूर्णिमाने ‘सायंकाळी पाचपर्यंत’ भरलं होतं. बायडाबाईंनी ते खोडलं, त्याच्यावर काहीतरी लिहिलं, आणि कागद पुढे सरकवला.

“मुदत वाढवली. हितं सही करा.”

“कवापतूर?”

“वाचा की. न वाचता करत न्हाय ना तुमी?”

‘बायडा हाय तोवर’ असं तिथे लिहिलेलं होतं. हिंदुरावांनी कागद लांब धरला नाही, जवळ धरला नाही. बायकोच्या तोंडाकडे बघत त्यांनी पेन टेकवलं आणि पंधरा वर्षांचा नेम मोडून सही केली.